गावच्या जुन्या प्रसूतिगृहाचा इतिहास लिहायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

कोनशिलेपासून करू नका, एवढं आधी सांगते. तिच्यावर जागा देणारा, पैसे देणारा आणि फीत कापणारा सापडतो. बाळंतपणं कुणी केली, ते तिथं नसतं.

माझी आजी बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सुईण होती. नगरपालिकेचं प्रसूतिगृह निघालं तेव्हा तिला तिथं घेतलं, पण पगारपत्रकावर ‘आया’ म्हणून. डॉक्टरीणबाई दिवसा असायच्या. रात्री-अपरात्री बाई अडली की नर्सबाई आणि आजी. बाळामागून वार, म्हणजे नाळेची गादी, पडली की आजी ती परातीत पसरून कंदिलाजवळ घ्यायची आणि कडेकडेनं बोटं फिरवून चाचपायची. तुकडा आत राहिला तर अंगावरून जाणं थांबत नाही, हे तिला सासूकडून आलेलं. पुढं डॉक्टरीणबाईच नव्या नर्सना सांगायच्या, वार आधी मावशींना दाखवा. आणि गावात स्मरणिका निघाली तेव्हा छापलं काय, तर प्रसूतिगृहानं बायकांना अडाणी सुईणींच्या तावडीतून सोडवलं! समितीतल्यांना मी तोंडावर विचारलं, मग रात्री तिथं कोण होतं? एकजण बोलला नाही.

तर तुमचं काम. नगरपालिकेत जन्माच्या नोंदवह्या, ठरावांची वही आणि पगारपत्रकं मागा. १९६९ च्या नोंदणी कायद्याआधीच्या नोंदी सलग मिळतील असं धरू नका. मराठवाड्यात १९४८ च्या आधीचं निजामाच्या वेळचं दप्तर बरंचसं उर्दूत, साल फसली, म्हणजे तेव्हाच्या महसुली कालगणनेतलं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखादं वर्ष इकडंतिकडं. उर्दू वाचणारं जुनं माणूस सोबत न्या. मग म्हाताऱ्या बायकांकडं जा. दवाखान्याबद्दल विचारलंत तर त्या डॉक्टरांचंच नाव सांगतील. ‘तुमच्या बाळंतपणात जवळ कोण होतं?’ असं विचारा.

सुईणींच्या हातूनही बायका गेल्या, हे खरंय. विळ्यानं नाळ कापल्यानं लेकरं धनुर्वातानं दगावली. अंबाजोगाईला नेईपर्यंत वाटेत संपलेल्या बाया आजीनंही पाहिल्या. तेही लिहा, लपवू नका. पण पगारपत्रकातली आयांची नावं उतरवून घ्या आणि डॉक्टरांच्या नावांच्याच पानावर छापा. शेवटच्या पानावरच्या आभारात नकोत.