एजंटाला फॉर्मवर ‘पर्यटन’ लिहू देऊ नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. नाशिकची बावीस वर्षांची मेझो (मधल्या पट्टीच्या आवाजाची गायिका), इटलीत सहा आठवड्यांचं ऑपेराचं उन्हाळी प्रशिक्षण, शेवटी मोझार्टच्या ‘ले नोत्से दि फिगारो’ या ऑपेरात केरुबिनो, म्हणजे गायिकेने करायची पोरसवदा मुलाची भूमिका. आणि व्हिसाचा एजंट म्हणतोय, “टूरिस्टवर टाकू, पटकन होतं.” चालेल का, असं तू विचारलं आहेस. अजिबात नाही. २०१८ साली हेच वाक्य मी ऐकलं होतं आणि भूमिकाही हीच होती, म्हणून इतकं ठामपणे सांगते. वयाने लहान आहेस, अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मी व्हिसा सल्लागार नाही. गाते आणि गाणं शिकवते. नियम बदलत असतात, त्यामुळे शेवटचा शब्द वकिलातीच्या संकेतस्थळाचा. विमा, फोटो, बँक स्टेटमेंट ही यादी तुझ्याकडे असणारच, त्यात शिरत नाही.

माझं काय झालं ते सांगते. मी वसईची. चर्चच्या गायनमंडळातून पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्याकडे आले, आठवड्यातून दोनदा लोकलने मुंबईला शिकायला जायचे. घरातलं कुणी युरोपला गेलेलं नव्हतं. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं, त्यामुळे कागदपत्रांत चूक नको म्हणून ‘माहितगार’ माणसाकडे काम दिलं. त्याच्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही. त्याने संस्थेचं निमंत्रणपत्र हातात घेतलं, वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. “हे लावलं की प्रश्न विचारतात. आपण फिरायला चाललोय असंच दाखवायचं.” मग त्याने रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असा सहा आठवड्यांचा दौरा टाइप केला आणि त्याला साजेशी हॉटेलांची डमी बुकिंगं जोडली. वास्तविक मी राहणार होते डोंगरावरच्या एका लहानशा गावात, एका आजींच्या घरी, आणि तो पत्ता त्या पत्रात व्यवस्थित लिहिलेला होता.

मी फॉर्म वाचला होता. प्रवासाचा उद्देश: पर्यटन. मला खटकलं. तरी सही केली, कारण समोरचा माणूस रोज हेच काम करतो आणि मी पहिल्यांदाच करतेय, असं वाटलं. माझी चूक ती सही. एजंटावर कितीही चिडले तरी सही माझीच होती.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. मी बोरिवलीला गाडी बदलत होते, प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. व्हिसा विभागातून बोलतोय म्हणाले, इटलीत काय करणार आहात? एका कानावर हात दाबून मी खरं तेच सांगितलं: ऑपेरा शिकणार आहे, तीन प्रयोगांत गाणार आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग विचारलं, अर्जात तर हे कुठेच नाही? मी म्हटलं, पत्र आहे ना माझ्याकडे. “पण आमच्याकडे नाही.” एवढं बोलून त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.

८ जूनला पासपोर्ट परत आला, सोबत नकाराचा छापील कागद. त्यात कारणांपुढे चौकटी असतात. माझ्या कागदावर खूण होती ती प्रवासाचा उद्देश आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, या अर्थाच्या कारणापुढे. बाबांनी तो कागद तीनदा वाचला आणि काही न बोलता कपाटात ठेवला.

एजंटाकडे गेले तर तो म्हणाला, “फोनवर खरं कशाला सांगितलंत?” आजही हे वाक्य आठवलं की हात थरथरतात. वीस वर्षांच्या पोरीला खोटं कसं बोलायचं हे शिकवायचे पैसे घेतात ही माणसं! बरं, व्हिसा नाकारला म्हणून ना त्याची फी परत मिळाली, ना व्हिसाची. त्या वेळी व्हिसाचे ६० युरो होते, २०२० पासून ८० झाले आणि जून २०२४ पासून ९० आहेत.

अपील करायचा हक्क असतो, पण माझं प्रशिक्षण २५ जूनला सुरू होणार होतं, तेवढा वेळच नव्हता. पुन्हा नव्याने अर्ज केला, या वेळी सगळं स्वतः भरलं. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, फॉर्मवर उद्देशाच्या यादीत पर्यटनाच्या जोडीला ‘सांस्कृतिक’ आणि ‘शिक्षण’ हेही पर्याय असतात. संस्थेचं पत्र सगळ्यात वर लावलं. आधीच्या नकाराबद्दल लपवाछपवी न करता एक पानी पत्र लिहिलं: पहिल्या अर्जात उद्देश चुकीचा लिहिला गेला, त्यावर सही माझी होती, खरा कार्यक्रम असा आहे. व्हिसा मिळाला. पण गावात पोचले ६ जुलैला संध्याकाळी. अकरा दिवस उशिरा.

अकरा दिवस म्हणजे काय हे तुला पहिल्याच आठवड्यात कळेल. सहा आठवड्यांच्या वेळापत्रकात पहिले आठ-दहा दिवस म्युझिक रिहर्सलचे, म्हणजे नुसत्या गाण्याच्या तालमीचे, त्यानंतर स्टेजिंग, म्हणजे रंगमंचावरच्या हालचाली बसवणं सुरू. मी पोचले तेव्हा पहिला अंक उभा राहिला होता. केरुबिनोचं कव्हर करणारी, म्हणजे ऐनवेळी बदली म्हणून तयार ठेवलेली मुलगी खुर्चीमागे लपण्याच्या प्रवेशासकट सगळं करत होती आणि उत्तम करत होती. दिग्दर्शिकेने मला बाजूला नेऊन प्रेमाने सांगितलं की आता बदल करता येणार नाही. मला कोरस मिळाला, आणि तिसऱ्या अंकाच्या शेवटी दोन गावकरी मुलींचं एक छोटं युगुलगीत असतं, त्यातली एक मुलगी.

तुला ऑपेरा पाठ असेल, त्यामुळे हे कळेल. त्याच अंकात गावच्या मुली काउंटेसला फुलं द्यायला येतात आणि केरुबिनो मुलीचे कपडे घालून त्यांच्यातच लपलेला असतो. म्हणजे तिन्ही प्रयोगांत ती मुलगी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा सरकायचा, तर रोज विंगेत मीच तो पिनेने पक्का करून द्यायचे. तिच्याबद्दल मनात काही नाही, आजही आम्ही एकमेकींना लिहितो. पण ‘व्हॉइ के सापेते’ हे केरुबिनोचं गाणं मी दीड वर्ष घासूनपुसून तयार केलं होतं आणि ते मला विंगेतून ऐकावं लागलं.

आणि हे तिथे संपत नाही. शेंगेनच्या नोंदींत नकार ५ वर्षं राहतो. पुढे ब्रिटनला मास्टरक्लाससाठी जाताना त्यांच्या फॉर्मवर प्रश्न होताच: तुम्हाला कधी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का? ‘हो’ लिहून कारण द्यावं लागलं. एका ‘पटकन होतं’पायी.

आता तू काय करावंस. आजच संस्थेला लिही आणि पत्र नव्याने मागव, मोघम अभिनंदनाचं पत्र नको. त्यात प्रशिक्षणाच्या तारखा, भूमिकेचं नाव, प्रयोग किती, राहण्याचा पत्ता, खर्च कोणाचा हे सगळं हवं. तुला मानधन मिळणार आहे की नाही हेही स्पष्ट हवं. फी भरून शिकायला जाणं आणि पैसे घेऊन गाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीसाठी वेगळी परवानगी लागू शकते, तेव्हा मानधन असेल तर वकिलातीला लेखी विचार. माझ्या वेळी प्रवासाला ३ महिन्यांहून जास्त वेळ असेल तर अर्ज घेत नसत, आता ६ महिने आधीपासून करता येतो. त्याचा फायदा घे. निर्णयाला साधारण १५ दिवस म्हणतात, पण ४५ पर्यंत जाऊ शकतात, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. एजंट ठेवायचाच तर रांगेतल्या कामापुरता ठेव. फॉर्म तू भर.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. तुमच्या प्रयोगाला ऑर्केस्ट्रा आहे की नुसता पियानो? एका भूमिकेत किती जणी आहेत, दोन की तीन? आठवड्याला एकटीला कोचिंग किती तास? शिल्लक फी भरण्याआधी हे विचार. माझं मत कडू वाटेल, पण काही ठिकाणी भूमिका विकल्या जातात आणि शिकवणं नावापुरतं असतं. सगळीकडे असं नाही. मला जिथे उशीर झाला तिथलं शिकवणं फार चांगलं होतं.

रेसिटेटिव्हला, म्हणजे बोलल्यासारख्या गायच्या संवादांना, आरियाइतकाच, म्हणजे एकटीच्या गाण्याइतकाच, वेळ दे. आपल्याकडची मुलं आरिया चोख बसवून येतात आणि मधल्या संवादात अडखळतात. संगीत नाटकात पद संवादातून उगवतं, संवाद पडला की पदही पडतं, तसंच आहे हे. आधी न गाता नुसतं बोल, अर्थ लावून, भांडल्यासारखं. इथे मराठी माणसाला मोठा फायदा आहे. इटालियनचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि ‘प’, ‘त’, ‘क’मध्ये हवेचा झोत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मुलींना हे शिकायला महिने लागतात. जोडव्यंजनंही आपल्या ‘पत्ता’, ‘पक्का’सारखी थांबून म्हणायची: ‘पेना’ म्हणजे वेदना आणि ‘पेन्ना’ म्हणजे पीस, एवढा फरक पडतो. इटालियनचा ‘च’ आपल्या ‘चेहरा’तला, ‘चमचा’तला नव्हे. स्कोअरमध्ये, म्हणजे स्वरलिपीच्या पुस्तकात, देवनागरीत उच्चार लिहायला हरकत नाही, मी लिहायचे. फक्त उघडा ‘ए’ आणि मिटलेला ‘ए’ देवनागरीत सारखेच दिसतात, त्यांना वेगवेगळ्या रंगाची खूण कर.

तालमीत सगळं पूर्ण आवाजात गाऊ नकोस. मार्किंग करायला, म्हणजे आवाज राखून हळू गायला, लाजू नकोस, तिथे सगळे करतात. जुलैत दुपारी उकाडा असतो, जुन्या दगडी घरांत एसी नसतो आणि दुकानं दुपारभर बंद, तेव्हा पाणी सकाळीच भरून ठेव.

पत्र आलं की नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून इथे टाक. मी वाचते, आणि फॉर्म भरायच्या दिवशी काही अडलं तर रात्री नऊनंतर मी इथे असतेच.