प्रत्येक गोष्टीचा अति विचार करतो, त्यामुळे आत्मविश्वासच उरला नाही. ही सवय कशी मोडू?

तुम्ही लिहिलंय की वय चोवीस, नवी मुंबईत महापेला नोकरी लागून आठ महिने झालेत. मीटिंगमध्ये बोलायचं ठरवून जाता, पण वाक्य मनातल्या मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग रात्री घणसोलीच्या खोलीवर पडल्या पडल्या 'तेव्हा बोललो असतो तर' सुरू होतं. येत्या गुरुवारी टीमसमोर पाच मिनिटं बोलायचंय आणि झोप आत्ताच उडालीय.

मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोल बघते, सोळा वर्षं झाली. पण या दुखण्याची जुनी पेशंट आहे, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे दिवसभर टायट्रेशन चालतं, म्हणजे सॅम्पलमध्ये ॲसिड किती आहे ते थेंब थेंब अल्कली सोडून मोजणं. बारावी सायन्स केलं असेल तर आठवेल. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली, खाली फ्लास्कमध्ये ॲसिडचं सॅम्पल आणि त्यात रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. थेंब थेंब सोडत जायचं. एका थेंबाला बिनरंगी द्रावण फिकट गुलाबी होतं, आणि हलवूनही तीसेक सेकंद तो रंग टिकला की झाला एंड पॉइंट. रीडिंग घ्या, पुढचं काम बघा. पहिल्या वर्षी मला हे 'पुढचं काम बघा' जमायचंच नाही. खरंच गुलाबी झालंय, की खालच्या पांढऱ्या टाइलमुळे तसं वाटतंय? मी आपली फ्लास्क धरून उभी. आणि गंमत अशी की फार वेळ बघत बसलं की तो गुलाबी रंग खरोखरच उडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात उतरतो आणि रंग जातो. मला वाटायचं, बघ, झालंच नव्हतं! मग अजून एक थेंब, अजून एक, शेवटी भडक गुलाबी. सॅम्पल सिंकमध्ये ओतायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

एकदा गेटवर टँकर उभा, मटेरियल सोडायचं की नाही ते माझ्या सहीवर अडलेलं, आणि मी सातवं रीडिंग घेत होते. आमच्या लॅबमध्ये रिटायरमेंटला आलेले एक काका होते. त्यांनी मागून येऊन वही बघितली. १८.४, १८.४, १८.४ आणि त्याखाली माझे पुढचे उद्योग. म्हणाले, "मॅडम, सीबीआर केव्हाच आलाय की. आता कोणाची वाट बघताय?"

सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. पहिलं पायलट रीडिंग, ते ढोबळ, चुकलं तरी चालतं. मग नीट रीडिंग घ्यायची, आणि ती जुळली की थांबायचं. कधी थांबायचं हे पद्धतीतच लिहिलेलं असतं. तुम्हाला आतून किती खात्री वाटतेय, हे तिथे कोणी विचारत नाही. माझा घोळ हाच होता. मी खात्री वाटण्याची वाट बघत होते, आणि ती कितीही रीडिंग घेतली तरी वाटत नाही.

त्या दिवशी मी नुसती ओशाळले. हे लॅबबाहेरही लागू आहे, हे कळायला पुढे चार-पाच वर्षं गेली. तोवर साहेबांनी मेसेजला नुसतं 'ओके' लिहिलं तरी माझी संध्याकाळ त्याचा कीस पाडण्यात जायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्याची मी चालती-बोलती जाहिरात होते. आई वैतागून म्हणायची, "रवंथ करायला तुला गाईसारखी चार पोटं आहेत का गं?"

रवंथ हा शब्द मला अति विचारापेक्षा बरा वाटतो. विचार करणं वाईट नाही, माझं पोटच त्याच्यावर चालतं. पण विचार केला की काहीतरी हाती लागतं: फोन करायचा, नाही करायचा, उद्या करायचा. रवंथात तोच घास पुन्हा वर येतो. दहा मिनिटं डोकं चालवून कागदावर लिहिण्यासारखं एकही काम निघालं नाही, तर ते रवंथ समजा.

आता 'विचार करणं बंद कर' या सल्ल्याबद्दल. तो देणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडते. माकडाची गोष्ट माहीत असेल: वैद्य म्हणतो, औषध घे, फक्त घेताना माकडाची आठवण काढू नकोस. त्या बिचाऱ्याला जन्मात ते औषध घेता येत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये हाच प्रयोग माकडाऐवजी पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वल मनात आलं की घंटी वाजवायची. लोक घंटी वाजवतच राहिले.

मला उपयोगी पडलं ते विचारांना वेळ ठरवून देणं. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली साधी पद्धत आहे. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी काळजी आली की तिला 'संध्याकाळी ये' सांगून हातातल्या कामाकडे वळायचं. माझी जागा म्हणजे तलावपाळीचा एक बाक. ठाण्याला उतरून मी आधी तिथे जायचे, वही काढायचे आणि अक्षरशः काळजी करायचे. समोर बोटी, मागे भेळवाले. पहिले चार दिवस अर्धा तास पुरला नाही. दुसऱ्या आठवड्यात बाराव्या मिनिटालाच कंटाळा आला आणि मी भेळ घेतली. सकाळी डोंगराएवढी वाटलेली गोष्ट संध्याकाळी लिहायला घेतली की दीड ओळीत संपायची. ही जागा अंथरूण मात्र नको. तुमचं सगळं अंथरुणातच चालतं, म्हणून झोपेचं खोबरं होतंय.

एवढ्याने डोकं हलकं झालं, पण आत्मविश्वास आला नाही. मग मी ठाण्यातच एका समुपदेशक बाईंकडे सहा-सात वेळा गेले. ठाण्याचं नाव काढलं की लोक अजूनही मेंटल हॉस्पिटलचा विनोद करतात. ते हॉस्पिटल १९०१ पासून इथे आहे, विनोदही तेवढाच जुना असणार. पण याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे, आणि मनाच्या दुखण्यासाठी कोणाकडे जाणं ही इथे आता लपवायची गोष्ट राहिलेली नाही. निदान पूर्वीइतकी तरी नाही.

त्या बाईंनी मला अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. विचार तपासून भावना बदलायच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा जनक एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचा. न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची, असं त्याने महिनाभर केलं. त्यानेच सांगितल्याप्रमाणे एकशे तीस जणींच्या शेजारी बसला, तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली, कारण ज्याला तो घाबरत होता ते शंभर वेळा घडलं आणि याचं काही बिघडलं नाही. (तलावपाळीवर आज कोणी हे केलं तर पब्लिक चोपेल. तुम्ही करू नका.)

पुढे एलिस आपल्या पेशंटना लाज मोडायचे प्रयोग द्यायचा. त्यातला एक म्हणजे ट्रेनमध्ये मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारणं. बाई म्हणाल्या, "तुम्ही ट्रान्स-हार्बर लोकलने जाता ना? करून बघा."

मी आठवडाभर टाळलं. शेवटी एका सकाळी ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल गाडी पकडली, लेडीज डब्यात दाराजवळ उभी राहिले. तेव्हा मधलं दिघा गाव स्टेशन झालं नव्हतं, ठाण्यानंतर थेट ऐरोली, त्यामुळे घाम फुटायला भरपूर वेळ मिळाला. गाडीचा वेग कमी झाला, तशी मी ओरडले, "ऐरोली! ऐरोली आलं!" आवाज असा फाटला की माझा मलाच ओळखू येईना. दोघींनी मान वळवली आणि परत मोबाइलमध्ये घातली. एक जण मटार सोलत होती, तिचा हातही थांबला नाही. खिडकीजवळ डुलक्या काढणारी एक बाई अर्धवट डोळे उघडून म्हणाली, "रबाळे आलं की पण सांगा हं," आणि परत झोपली. मग काय, रबाळ्याला मी हक्काने ओरडले. तिला उठवून दोघी बरोबरच उतरलो.

लोक आपल्याकडे बघतात, पण आपण समजतो तितके नाही. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. आत गेलेल्यांचा अंदाज होता की निम्म्या जणांनी तो टिपला असेल. प्रत्यक्षात टिपला होता साधारण पाव जणांनी. हे मी वाचलं नंतर. आधी वाचलं असतं तर 'हो, पण माझं वेगळं आहे' म्हणून सोडून दिलं असतं.

म्हणूनच आरशासमोर 'मी करू शकतो' म्हणायचा सल्ला मला पटत नाही. ते टेस्ट न करता सर्टिफिकेटवर सही केल्यासारखं आहे. मन काही मूर्ख नाही, ते रजिस्टर मागतं. मी रजिस्टरच ठेवलं. डावीकडे 'भीती', उजवीकडे 'झालं काय'. 'सुट्टी मागितली तर साहेब चिडतील.' समोर: 'मान वर न करता म्हणाले, अर्ज टाका.' 'ऑडिटरपुढे उत्तर चुकेल.' समोर: 'चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं, पुढचा प्रश्न विचारला. मग चहा आला.' तीन महिन्यांत एक्केचाळीस नोंदी झाल्या. सहा वेळा खरंच वाईट झालं, त्यात एकदा मेमोही मिळाला. तो मेमो अजून फाइलला आहे आणि मीही अजून नोकरीत आहे. लॅबच्या वहीत खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. या वहीतही मी तेच केलं.

आता तुमचा गुरुवार. आज रात्रीच रूममेटसमोर उभं राहून पाच मिनिटं एकदा बोलून टाका. हे पायलट आहे, वाईटच होणार, होऊ द्या. उद्या आणि परवा एकेकदा नीट बोला. दोन्ही वेळा मुद्दे तेच आणि वेळही साधारण तेवढाच आला की झाला तुमचा सीबीआर. वही बंद. बुधवारी रात्री एक थेंबही वाढवायचा नाही.

पहिलं वाक्य तेवढं लिहून ठेवा, आणि ते कामाचं असू दे. 'मला फारसं माहीत नाही, पण' अशी सुरुवात असेल तर तेवढं खोडा. मीटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत, तुमची पाळी यायच्या आधी, एखादा साधा प्रश्न विचारून घ्या म्हणजे घसा मोकळा होतो. अडचणीचं काही विचारलं तर 'बघून संध्याकाळपर्यंत कळवतो' हे सन्मानाने देता येणारं उत्तर आहे. मी आजही आठवड्यातून दोनदा देते.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे म्हणून बोलते. आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांचा निम्मा अति विचार म्हणजे इंग्रजी वाक्य जुळवणं असतं. मुद्दा तयार असतो, क्रियापद सापडत नाही. तसं असेल तर तो स्वभावाचा दोष नाही, भाषेच्या सरावाचा प्रश्न आहे आणि त्याचा इलाज वेगळा. तूर्तास आकडे आणि नावं कागदावर घ्या, वाक्यं छोटी ठेवा, मध्ये हिंदी-मराठी आलं तर येऊ द्या. महापे-रबाळ्याच्या मीटिंगा तशाही तीन भाषांत चालतात.

मात्र झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय राहवत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वह्या आणि बाक यात वेळ घालवू नका. डॉक्टरकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

गुरुवारी काय झालं ते खाली दोन ओळीत कळवा. फसलं तरी कळवा, उजव्या रकान्यात तेही लागतं.