जर्मनीत मेकॅनिक्सची पीएचडी करू का म्हणणाऱ्यासाठी

नांदेडला एम.टेक. करणाऱ्या एका पोरानं विचारलंय, दादा, सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल मॉडेलिंगमध्ये (म्हणजे धातू, माती असले घन पदार्थ ताणले-दाबले की कसे वाकतात, तुटतात याचं गणित) जर्मनीत पीएचडी करावी का, टॉपिक कुठला घ्यावा, आणि पुढं लेकरंबाळं झाल्यावर तिथं जमतं का. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण त्या शेवटच्या प्रश्नापाशी अडकलो.

व्हिसा, एपीएस (आपल्या डिग्रीच्या कागदांची तपासणी) वगैरे लिहीत नाही, वेबसाइटवर सगळं आहे. पीएचडी इथं नोकरीच असते, इंजिनिअरिंगमध्ये बहुतेक वेळा पूर्ण पगाराची पोस्ट मिळते, पैशाचं टेन्शन घेऊ नको.

टॉपिकचं बघ. सध्या जो तो फेज-फील्ड फ्रॅक्चर म्हणतोय, म्हणजे भेग ही धारदार रेघ न धरता पुसट पट्टा धरून कॉम्प्युटरवर सोडवायची. विषय भारीच आहे. ग्रिफिथनं १९२१ मध्ये काचेवर प्रयोग करून सांगितलं की भेग पुढं सरकायला ऊर्जा लागते, त्याचंच फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी १९९८ मध्ये मिनिमायझेशनचं गणित केलं, त्यामुळं भेग कुठं वळेल, कुठं फाटे फुटतील हे आपण आधी सांगायची गरज राहिली नाही. पण त्यात जी लेंग्थ स्केल, म्हणजे त्या पट्ट्याची रुंदी, टाकतात ती मटेरियलची प्रॉपर्टी का नुसती आकडेमोडीची सोय, यावर अजून वाद चालूय, आणि मेश (गणितासाठी तुकड्याची पाडलेली जाळी) त्या लांबीपेक्षा बारीक लागतो म्हणून थ्रीडीत गेलं की मशीन रात्रभर धापा टाकते. गर्दीही फार झालीय. मला विचारशील तर क्रिस्टल प्लॅस्टिसिटी बघ, म्हणजे धातूतले बारीक स्फटिक कायमचे कसे वाकतात ते. ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला डॅमास्क नावाचा कोड फुकट मिळतो, आत्ताच उतरवून घे. चालवलास की कळंल, एकाच स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हला पॅरामीटरचे दोन-तीन वेगळेच सेट झकास बसतात, मग खरा कुठला? तिथं खरं काम शिल्लक आहे, पण त्यासाठी शेजारच्या खोलीत प्रयोग करणारी माणसं पाहिजेत, नुसते सिम्युलेशनवाले नकोत. मशीन लर्निंगनं मटेरियल मॉडेल शिकवायचं वेडही आलंय, येऊ दे, ट्रेनिंग डेटाच्या बाहेर लोड दिला की ते मॉडेल ऊर्जेचे नियम पाळतंय का एवढं विचार, निम्मे गप्प बसतात.

आणि एक यूमॅट, म्हणजे सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरला मटेरियल कसं वागतं ते सांगणारा छोटा प्रोग्राम, स्वतःच्या हातानं लिही. साधी जे-टू प्लॅस्टिसिटी (धातू कायमचा वाकण्याचा सगळ्यात सोपा नियम) चालंल. माझ्या इंटरव्ह्यूत प्रोफेसरनी पेपर-बिपर काही विचारलं नाही, म्हणाले न्यूटनच्या इटरेशनचे रेसिड्युअल दाखव, म्हणजे दर फेरीला किती चूक शिल्लक राहते ते. दहाचा उणे दुसरा घात, मग चौथा, मग आठवा, असं धाडधाड खाली आलं तर टँजंट (स्ट्रेन जरा बदलला की स्ट्रेस किती बदलतो तो दर) बरोबर. हळूहळू रांगत आलं तर उत्तर बरोबर असूनही टँजंट चुकीचा, म्हणजे तो टँजंट कसा काढायचा हे सांगणारा सिमो आणि टेलर यांचा १९८५ चा पेपर वाचलेला नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते. प्रश्न तुझा असतो, पैसा दुसऱ्याचा. मला आपल्या काळ्या मातीवर काम करायचं होतं. लातूरकडं उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते, भिंती तडकतात, म्हणून पाया मुरुमापर्यंत खाली न्यावा लागतो. ओलावा, आकसणं आणि भेग, तिन्ही एकत्र सोडवायचं, हा फेज-फील्डचा अस्सल प्रश्न आहे. गाईड म्हणाले, इंटरेस्टिंग. फंडिंग होतं गाडीच्या स्टीलला. मग स्टीलच्या भेगा मोजल्या. आता कंपनीत क्रॅश सिम्युलेशन करतो, तेच काम पुण्यात पोरं करतात.

कंपनीत का गेलो, तर इथं कायदा आहे, युनिव्हर्सिटीत टेम्पररी कॉन्ट्रॅक्टवर पीएचडीच्या आधी ६ वर्षं, नंतर ६ वर्षं, मग पर्मनंट व्हा नाहीतर निघा. प्रोजेक्टच्या पैशातून थोडं लांबवता येतं. २०२१ मध्ये यावरूनच सोशल मीडियावर इशबिनहाना ("मी हाना आहे") म्हणून मोठा गदारोळ झाला. मूल असलं की २ वर्षं वाढवून मिळतात, आम्हाला मिळाली. पोरीमुळं थांबता आलं, आणि तिची शाळा सुरू झाली म्हणून परत निघता आलं नाही.

त्या पोरीच्या जन्मदाखल्याचं ऐक. इथल्या नोंदणी ऑफिसातल्या बाईनं आम्हा दोघांचे दाखले आणि लग्नाचं सर्टिफिकेट मागितलं. दाखवलं तर म्हणे भारतातून पडताळणी होऊन येऊ द्या, म्हणजे तिकडं वकील जाऊन रजिस्टर बघणार आणि खर्च आपण द्यायचा. माझ्या दाखल्यावर आईचं नाव एक, लग्नाच्या कागदावर दुसरं, बायकोच्या पासपोर्टवर आडनाव माहेरचं. वडिलांचं नाव मधी का येतं हे तर त्या बाईला शेवटपर्यंत पटलं नाही. तोवर लेकराच्या कागदावर शेरा, आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही. टॅक्स मात्र दर महिन्याला त्याच ओळखीवर कापत होते.

आणि शाळा. मी लातूरचा, बारावीच्या मार्कांवर आयुष्य ठरवणारं गाव, त्या शर्यतीतून पोर सुटली म्हणून खूश होतो. इथं बव्हेरिया राज्यात ती चाळणी चौथीतच लागते. जर्मन, गणित आणि परिसर, तिन्हीची सरासरी २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझियम (थेट युनिव्हर्सिटीकडं नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (तिच्या खालची), आणि इथं १ म्हणजे सगळ्यात चांगला. हिला गणितात १, परिसरात ३, जर्मनमध्ये ४. करा सरासरी, २.६६, म्हणजे रेआलशूल. बाई म्हणाल्या, घरी जर्मन बोलत जा. म्हणजे आजीशी फोनवर कुठल्या भाषेत बोलायचं ते सांगा की. गिम्नाझियमसाठी तीन दिवसांची चाचणी देऊन बघता येतं, पोरगी म्हणाली नको, तिची मैत्रीण रेआलशूललाच चाललीय. पुढं वळसा घालून युनिव्हर्सिटीला जाता येतं हे मला दहा जणांनी समजावलंय, खरंही आहे, ती खूश पण आहे. मला तो जर्मनचा ४ अजून पचला नाही.

एकटेपणाचं म्हणशील तर होतो, सवय होते. आई फोनवर "कधी येऊलालास रे" म्हणती तेवढं सोडून.

जायचंच असलं तर जा, मी अडवत नाही. आधी बेंगळुरूचं आयआयएससी, मुंबई-मद्रासचं आयआयटी यांचेही ग्रुप बघ, या विषयात ते कुठं कमी नाहीत, आणि काळ्या मातीला तिथं पैसा मिळायची शक्यता जास्त. जर्मन प्रोफेसरला मेल करायच्या आधी त्यांच्याकडून पीएचडी करून गेलेले मागचे चार-पाच जण आता कुठं आहेत ते शोध. आणि जन्मदाखल्यावरचं, दहावीच्या मार्कमेमोवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घे, आईवडिलांच्या नावासकट, नांदेड सोडायच्या आधी. ग्रामपंचायतीत खेटे घालावे लागतील, घाल. इथं आल्यावर तेच काम म्हाताऱ्या वडिलांना करावं लागतं, आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून ते बाहेर बाकड्यावर बसून राहतात.