तुझ्यावाचून घर अडू नये

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. बाबांच्या टॉवेल कारखान्यात पाळ्या कमी झाल्या. गेल्या उन्हाळ्यात आईला भोवळ आली, ते तुला चार दिवसांनी आणि तेही दुसऱ्याकडून कळलं. मग सीना नदीच्या पुराचे व्हिडिओ बघत तू रात्र रात्र जागलास. आणि शेवटी प्रश्न, "सिस्टर, नोकरी सोडून सोलापूरला येऊ का?"

येऊ नकोस. निदान एवढ्यासाठी तरी नको. तू आलास तर घरात एक खाणारं तोंड वाढेल आणि एक पगार कमी होईल. दिवसभर तू बाहेरच असशील, म्हणजे आई पडायची ती तुझ्या मागेच पडेल. आणि पुण्यात राहून घरचं सगळं आपण एकटे सांभाळू, हेही डोक्यातून काढ. हुतात्मा एक्स्प्रेस पकडलीस तरी चार तास लागतात. जे काही व्हायचं ते पहिल्या अर्ध्या तासात होतं, हे मी वॉर्डात आयुष्यभर बघितलंय. त्या अर्ध्या तासात तुझ्यावाचून घर अडणार नाही अशी सोय लावायची. सुट्टीत येशील तेव्हा तेवढंच काम कर.

आधी तुझ्या फोनबद्दल. तू रोज रात्री विचारतोस, "बरी आहेस ना?" आई म्हणते, "बरी हाय की." झालं, फोन संपला. आम्ही पेशंटला "कसं वाटतंय" असं विचारायचो ते नुसतं बोलायला सुरुवात म्हणून. खरं कळायचं ते "रात्री कितीदा उठलात?", "जिना चढताना कुठं थांबलात?" असल्या प्रश्नांतून. तूही असंच विचार. आज नळ आला का? भरायला कोण होतं? बीपीच्या गोळ्या पाकिटात किती राहिल्या? आज किती विड्या झाल्या? हजार विड्या वळणारी बाई सलग तीन दिवस सहाशेवर थांबली, तर तिचे हात दुखताहेत, डोळ्यांना कमी दिसतंय किंवा अंगात कणकण आहे. ती स्वतःहून सांगणार नाही, पण विड्यांचा आकडा लपवायचं काही तिच्या डोक्यात येणार नाही.

घरात कॅमेरा लावायचं म्हणतोस, ते राहू दे. दिवसभर सुपात पानं घेऊन बसलेल्या बाईवर मुलाने पुण्यातून नजर ठेवायची? दुसऱ्या दिवशी ती त्यावर टॉवेल टाकेल, आणि मी तिचीच बाजू घेईन.

आता मुद्द्याचं. हाकेच्या अंतरावरचं एक माणूस पक्कं कर. "आजूबाजूला सगळे आहेत की" हे चालायचं नाही. सगळे आहेत म्हणजे ऐनवेळी प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी गेला असेल. नाव घेऊन एका घराला सांग, त्यांच्याकडे किल्ली ठेव. त्यांचा नंबर तुझ्याकडे आणि तुझा त्यांच्याकडे असू दे. तुमच्या गल्लीत आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असले की त्या खटखटीत हाक ऐकू जात नाही. भांडं पडलं तरी नाही, माणूस पडलं तरी नाही. त्यामुळे हाकेवर विसंबू नका. आईच्या साध्या फोनवर एकच बटण दाबून धरलं की शेजारच्या घरी फोन लागेल असं करून ठेव, आणि तू असतानाच लूम चालू असताना दोनदा लावून बघ. फोन कंबरेच्या पिशवीत राहील असं बघ. कपाटावर ठेवलेला फोन कपाटाच्याच कामाचा.

किल्ली एकतर्फी नको. शेजारच्या तेलुगू आजी दुपारी एकट्या असतात. त्यांच्या घरी दुपारी एक चक्कर टाकायचं काम बाबांकडे दे. पाळी कमी झाल्यापासून ते कट्ट्यावर बसून नुसते कुढतात, असं तूच लिहिलंयस. "बाबा, काळजी घ्या" म्हटलं तर ते चिडतात. "आजींकडे जरा बघत जा" म्हटलं तर चप्पल घालून निघतील.

गॅसच्या बाजूच्या भिंतीवर एक कागद चिकटव. दोघांची नावं, वयं, चालू गोळ्या, कुठलं औषध सोसत नाही ते, तुझा आणि शेजारचा नंबर. खाली बोटभर उंचीच्या आकड्यांत ११२ आणि १०८. अक्षर येत नसलं तरी आकडे वाचता येतात. १०८ ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन केला की घर नंबर सांगत बसू नये. जवळचं देऊळ, कारखाना, चौक सांगायचा आणि एकाने चौकात जाऊन उभं राहायचं. तुमच्या बोळात गाडी वळत नाही. ड्रायव्हर पत्ता विचारत फिरतो आणि त्यातच वेळ जातो.

त्याच कागदावर लकव्याबद्दल दोन ओळी लिही. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, तर लगेच निघायचं. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि हे तास मोजतात ते माणूस शेवटचं धडधाकट दिसलं त्या वेळेपासून. ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगायची. जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच न्यायचं. तेल चोळणं, हातावर तांबं बांधणं, "झोपला की बरं वाटेल" म्हणणं यात रात्र गेली की सकाळी आमच्या हातात फार थोडं उरायचं.

उन्हाळा तर आपल्याकडे दरवर्षी ठरलेलाच. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, वर पत्रा, आणि पानं उडतात म्हणून पंखा बंद. आईला भोवळ आली त्यात नवल काय? पंखा भिंतीकडे तोंड करून लावला तर पानं उडत नाहीत आणि हवा खेळती राहते. करून बघा. दुपारी बारा ते चार पत्र्याखालून उठून शेजारच्या स्लॅबच्या घरी बसायचं. विड्या तिथंही वळता येतात, गप्पा फुकट. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. मीठ यापेक्षा जास्त नको. माणूस असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओता, वारा घाला, गाडी बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. ते फुप्फुसात जातं. आईची बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हे उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना विचारून घे. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्या गावाचं खरं दुखणं तेच आहे. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळ काही दिवसांआडच येतो, म्हणून घरोघरी बॅरल, हौद, टाकी. डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, असं सांगतात. सांगणाऱ्याच्या घरी नळ रोज येत असावा! तुझी आई पाणी ओतून देणार नाही आणि तिचं बरोबरच आहे. तेव्हा पाणी यायच्या दिवशी सकाळी तळाशी उरलेल्या पाण्यात चादरी धुवायच्या, बॅरल उपडं करायचं आणि काथ्याने आतून बाजू घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ आतल्या बाजूला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. घासून झालं की नवीन पाणी भरायचं आणि तोंडाला सुती कापड ताणून बांधायचं. सोलापुरात कापडाला काय तोटा!

आगीबद्दल एवढंच. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आतले आठ जण गेले. राहायचं आणि काम एकाच इमारतीत. सूत पेटलं की धूर आधी मारतो. तुमच्या जिन्यात मालकाने सुताची पोती रचलीत. ती हलवा म्हणून बाबांनी एकट्याने सांगितलं तर भाडेकरूची कटकट वाटेल, चारही भाडेकरूंनी मिळून सांगा. रात्री ग्रीलला कुलूप लावता, त्याची किल्ली उशाखाली नको. अंधारात चाचपडून सापडेल अशी दाराशेजारच्या खिळ्याला असू दे.

आता पैसा. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि त्याची झळ तुमच्या गल्लीपर्यंत आली. असले धक्के पुढेही येतील. गिरण्या बंद पडल्या तेव्हाचं मी पाहिलंय. सकाळचा भोंगा बंद झाला आणि आमच्या वॉर्डात दारू प्यायलेली, खंगलेली माणसं वाढली. त्यातूनही काही घरं तरली. माझ्या पाहण्यातली अशी बहुतेक घरं म्हणजे जिथं बाईला सगळा हिशेब माहीत होता. कुणाचं देणं, कुठली भिशी, पासबुक कुठल्या डब्यात. तुझ्या आईला यातलं काय माहीत आहे? बाबांसमोरच विचार, पण चौकशी केल्यासारखं नको.

एक चिवट काम तूच कर. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र, पीएफ, आधार, बँक पासबुक शेजारी-शेजारी ठेव आणि आडनाव बघ. सोलापूरच्या आपल्या पूर्वभागात तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं. कुठं एक एल, कुठं दोन, कुठं शेवटी यू, कुठं ओ. माणूस असेपर्यंत कुणाचं अडत नाही. गेल्यावर पेन्शनचा अर्ज परत येतो आणि घरातली बाई झेरॉक्स घेऊन फिरत राहते. ते आत्ताच सारखं करून घे. प्रत्येक खात्याला वारस लावलाय का तेही बघ.

बँकेतला अपघात विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो, सत्तरीपर्यंत, दोन लाखांचा. पन्नाशीच्या आत असलेल्याला ४३६ रुपयांत आयुर्विमाही निघतो, तोही दोन लाखांचा. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवसांत शिल्लक नसली की विमा गुपचूप बंद पडतो, म्हणून मेच्या मध्यावर तू पाचशे रुपये टाकत जा. एका बँकेत एका माणसाच्या ठेवीला ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण असतं. एक टक्का जास्त व्याज देते म्हणून सगळी पुंजी एकाच ठिकाणी नको. दवाखान्याची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल शोधायला सांग. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण योजनेतल्या दवाखान्यात आणि यादीतल्या आजारांवरच.

फोनवर "मी पोलीस बोलतोय, तुमच्या मुलाला पकडलंय" म्हणणारे हल्ली फार झालेत. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नसते, हे दोघांना समजावून सांग. असा फोन आला की ठेवायचा आणि तुला लावायचा. पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावं. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

तुझ्या नोकरीचं काही कमी-जास्त झालं तर घरी लपवू नकोस. तू आईचं खरं मागतोस, मग तुझंही खरं तिला कळू दे. झोप उडालीच असेल तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, फुकट. पुराचे व्हिडिओ रात्री बघणं बंद कर. त्यातले कितीतरी भलत्याच गावचे असतात, आणि खरे असले तरी रात्री एक वाजता हिंजवडीतून तू काय करणार आहेस?

यातलं सगळं एका सुट्टीत होणार नाही. आधी किल्ली, मग भिंतीवरचा कागद, मग आडनावाची दुरुस्ती. ती रखडणार हे धरूनच चल, आणि मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नकोस, झेरॉक्स दे. किल्ली कुणाकडे ठेवायची ते मात्र आईला ठरवू दे. तुला वाटतंय ते घर तिला चालणार नाही. मागच्या गौरीपासून दोघींचं बोलणं बंद आहे.

तुझी,
सिस्टर