पायथनमधून पॉइंटर घेणारी सी फंक्शन्स बोलावताना वजन शून्य का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, सोबत सी-ची डीएलएल (तयार फंक्शन्सची फाइल) आणि त्या फंक्शन्सची यादी देणारी हेडर फाइल मिळाली आहे. सी फंक्शन्स बोलावणाऱ्या पायथनच्या सीटाइप्स लायब्ररीतून वजन वाचलं की ५२.५ किलोच्या पोत्याला ०.० येतं, ५२.३५ च्या पोत्याला -१०७३७४१८४.० येतं. कधी ॲक्सेस व्हायोलेशन (नको त्या मेमरीला हात लावल्याची एरर) दिसतं, तर कधी प्रोग्राम काही न सांगता बंद पडतो.

काट्याला हात लावू नका. तुमच्या आकड्यांतच कारण लिहिलेलं आहे. हेडरमध्ये वजनाचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) डबलचा, म्हणजे ८ बाइटच्या दशांश संख्येचा आहे आणि तुम्ही ४ बाइटचा सी_फ्लोट दिलाय. सी तिथे ८ बाइट लिहितं, तुम्ही त्यातली पहिली ४ वाचता. ५२.५ ही संख्या बायनरीत नेमकी बसते, म्हणून डबलची खालची ४ बाइट शून्यच असतात आणि तुम्हाला ०.० दिसतं. ५२.३५ नेमकी बसत नाही. तिच्या खालच्या ४ बाइटांत दशांशाची शेपटी असते, आणि तीच फ्लोट म्हणून वाचली की बरोबर -१०७३७४१८४.० येतं. लहान वस्तूंना सीटाइप्स आतून थोडी जास्त जागा देतं, म्हणून एवढ्यावर प्रोग्राम पडत नाही, नुसता खोटा आकडा देतो. हे जास्त वाईट, कारण अडतीवर त्याच आकड्यावरून पट्टी होते.

खालच्या ओळी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्या. फंक्शनची नावं तुमच्या हेडरमधली घाला. लिब म्हणजे लोड केलेली डीएलएल, आणि काटा म्हणजे काटा_उघडनं परत दिलेला पत्ता, म्हणजेच हँडल. रेसटाइप म्हणजे फंक्शन जे परत देतं त्याचा टाइप, आर्गटाइप्स म्हणजे त्याला द्यायच्या गोष्टींचे टाइप, आणि बायरेफ वस्तूचा पत्ता देतो.

लिब.काटा_उघड.रेसटाइप = सी_व्हॉइड_पी
लिब.वजन_वाच.आर्गटाइप्स = [सी_व्हॉइड_पी, पॉइंटर(सी_डबल), पॉइंटर(सी_चार), सी_इंट]
वजन = सी_डबल()
एकक = क्रिएट_स्ट्रिंग_बफर(३२)
स्थिती = लिब.वजन_वाच(काटा, बायरेफ(वजन), एकक, ३२)

मग आधी स्थिती तपासा, नंतर वजन.व्हॅल्यू वाचा. इथलं पॉइंटर कॅपिटल अक्षरांतलं, तो टाइप बनवतो. लहान अक्षरांतलं पॉइंटर हजर असलेल्या वस्तूकडे बोट दाखवणारी वस्तू बनवतं. नुसतं फंक्शनला द्यायचं असेल तर बायरेफ पुरे, तो हलका आहे. बायरेफच्या आतच सी_डबल() लिहू नका. सी त्यात वजन लिहील खरं, पण ते वाचायला तुमच्या हातात नाव उरणार नाही.

आता ॲक्सेस व्हायोलेशन. काटा_उघड हे फंक्शन पॉइंटर परत देतं. रेसटाइप सांगितला नसेल तर सीटाइप्स परत आलेली किंमत ३२ बिटांचा इंट समजतं. ६४ बिटांच्या पायथनमध्ये पत्त्याची वरची बाजू तिथेच कापली जाते, पत्त्यातून गाव खोडून नुसता घर नंबर ठेवावा तशी. मेमरीचा पत्ता योगायोगानं पहिल्या २ जीबीत पडला तर सगळं सुरळीत चालतं, नाही पडला तर कोसळतं. म्हणून हे ‘कधी कधी’ होतं. परत येतानाच नव्हे, देतानाही पत्ता असाच कापला जातो: आर्गटाइप्स नसतील तर पायथनचा पूर्णांक इंट म्हणूनच पाठवला जातो. तेव्हा हँडल घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनला, अगदी काटा_बंदलासुद्धा, आर्गटाइप्स लिहा. एकच आर्ग्युमेंट असलं तरी लिस्टच द्यायची.

न सांगता बंद पडण्यामागे बहुधा एककाचा बफर, म्हणजे एककाच्या मजकुरासाठी राखलेली जागा आहे. तुम्ही तिथे रिकामी बाइट्स वस्तू दिली आहे. ती न बदलणारी, शिवाय अख्ख्या पायथनमध्ये तशी एकच असते. सी तिच्यावर लिहीत सुटलं की शेजारची मेमरी खराब होते, आणि प्रोग्राम पडतो तो नंतर, भलत्याच ओळीवर. वर मी मुद्दाम सी_चार_पी न लिहिता पॉइंटर(सी_चार) लिहिलंय. त्यामुळे चुकून बाइट्स दिल्या तर तिथल्या तिथे एरर येते.

दिवसभराच्या नोंदी आणणारं फंक्शन तुम्ही पुढे वापरणार असाल. हेडरमध्ये त्याच्या पॉइंटरला दोन तारे (**) आहेत, म्हणजे जागा डीएलएल घेणार आणि पत्ता तुमच्या पॉइंटरमध्ये टाकणार. रिकामा पॉइंटर(नोंद)() बनवा, त्याचा बायरेफ द्या, मोजणीसाठी वेगळा सी_इंट द्या. या पॉइंटरला लांबी ठाऊक नसते. मोजणी ४० आली आणि तुम्ही ४१वी नोंद मागितली तर तो अडवणार नाही, जे असेल ते वाचून देईल. नोंदी[०] ही प्रतही नव्हे, डीएलएलच्या मेमरीवरची खिडकी आहे. आधी सगळी फील्ड्स पायथनच्या लिस्टमध्ये उतरवा, मगच नोंदी_सोड बोलवा. आणि सोडायची ती त्यांच्याच फंक्शननं. विंडोजवर डीएलएलचं सी रनटाइम वेगळं असू शकतं, तिथे दुसऱ्या रनटाइमचा फ्री (मेमरी सोडणारं फंक्शन) लावला की हीप, म्हणजे मेमरीचा साठा बिघडतो. मजकूर परत देणारं फंक्शन असेल आणि तो तुम्हालाच सोडायचा असेल, तर रेसटाइप सी_चार_पी ठेवू नका. त्याचं लगेच बाइट्समध्ये रूपांतर होतं आणि मूळ पत्ता हरवतो. सी_व्हॉइड_पी घ्या, स्ट्रिंग_ॲट लावून वाचा, मग सोडा.

नोंद या स्ट्रक्चरमध्ये एकक हा सी_चार (एक अक्षर), वजन डबल आणि पोते क्रमांक इंट, याच क्रमानं असतील तर बेरीज १३ होते, पण साइझऑफ २४ देईल. डबल ८ च्या पटीत बसावा म्हणून मध्ये ७ बाइट आणि शेवटी ४ रिकामी सोडलेली असतात. सीटाइप्सही तसंच करतं. हेडरमध्ये प्रॅग्मा पॅक १ (मध्ये रिकामी जागा सोडू नको ही सूचना) असेल तरच तुमच्या क्लासमध्ये _पॅक_ = १ लिहा, आणि ते _फील्ड्स_च्या आधी. चुकलं तर एककाचं अक्षर बरोबर येतं आणि वजन भलतंच.

पोतं काट्यावर चढलं की तुमचं फंक्शन बोलावणारा कॉलबॅक वापरलात, तर सीफंकटाइपनं बनवलेली वस्तू काटा चालू असेपर्यंत एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. रजिस्टर करण्याच्या ओळीतच बनवून दिली तर पायथन ती कचरा समजून उचलतं, आणि पुढचं पोतं चढलं की प्रोग्राम पडतो.

डीएलएल लोडच होत नसेल आणि १९३ नंबरची एरर असेल, तर बहुधा डीएलएल ३२ बिटांची आणि पायथन ६४ बिटांचा आहे. तसं असेल तर पायथन ३२ बिटांचा टाका. लोड होते पण फंक्शन सापडत नाही, तर हेडरमधलं स्पेलिंग पाहा. डीएलएल सी++ मध्ये, एक्स्टर्न सी न लावता बनवलेली असेल तर बाहेर दिसणारं नाव बदललेलं असतं.

तपासताना प्रोग्राम ‘-एक्स फॉल्टहँडलर’ लावून चालवा, पडला तर पायथनची कुठली ओळ चालू होती ते छापून येतं. काट्यावर आधी २० किलोचं माप ठेवा, मग त्यावर ३५० ग्रॅम चढवा. फक्त गोल वजनावर तपासलंत तर फ्लोटची चूक ०.० मागे लपून राहते, काटा रिकामा असल्यासारखी. २०.३५ वर ती लगेच उघडी पडते.