ब्रँच लाइन बंद केली तर नेमकं काय वाचतं?

प्रश्न असा आहे की तोट्यातल्या ब्रँच लाइन, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारे छोटे फाटे, सरळ बंद करून तो पैसा मेन लाइनवर का लावू नये, आणि दाखला दिलाय नागपूर–नागभीडचा. भाऊ, आधी दाखलाच दुरुस्त करू. नागपूरच्या इतवारी स्टेशनातून नागभीडला जाणारी नॅरोगेज (अरुंद रुळांची लाइन) नोव्हेंबर २०१९मध्ये थांबवली ती ब्रॉडगेज (रुंद रुळांची) करायला. तोट्यापायी लाइन गुंडाळणं हा वेगळा मामला.

आता तोटा. कागदावरचा आकडा म्हणजे बंद केल्यावर वाचणारी रक्कम नव्हे. त्यात जंक्शन, कंट्रोल ऑफिस, डेपो, मुख्यालय यांचाही वाटा घातलेला असतो. लाइन उखडली तरी डेपो जागेवरच राहतो. त्याचा खर्च उरलेल्या लाइनींवर चढतो आणि त्यातली पुढची एखादी तोट्यात दिसू लागते. उत्पन्नाचंही तसंच. याच लाइनवरच्या उमरेडहून मुंबईला जाणाऱ्याच्या तिकिटाचे बहुतेक पैसे किलोमीटरच्या हिशेबाने मेन लाइनचे. ब्रँच गेल्यावरही तो एसटीने नागपूरला येऊन गाडीच धरेल, असं आपण धरून चालतो. ब्रिटनमध्ये तोट्यातल्या लाइनी बंद करायला सांगणाऱ्या १९६३च्या बीचिंग अहवालाने हेच धरलं होतं. लोक मोटारीत बसले ते थेट मुक्कामापर्यंत गेले.

बहुतेक लाइनी तोट्याने मरत नाहीत, देखभाल पुढे ढकलल्याने मरतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चिखल खडीत वर येतो, निचरा थांबतो, रूळ खचतो. खडी उपसून चाळायचं काम टाळलं की कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू चालवायचा हुकूम, लागते. १०० किलोमीटरला ५०च्या वेगाने दोन तास, ३०ने तीन तास वीस मिनिटं. म्हणजे त्याच रेकच्या (डब्यांच्या संचाच्या) फेऱ्या घटतात, ड्रायव्हर-गार्डची ड्युटी लांबते, प्रवासी एसटीकडे जातात. मग अहवालात येतं: प्रवासीच नाहीत.

खर्च खरा कुठे आहे? फाटकांवर. चोवीस तासांचं फाटक आठ-आठ तासांनी चालवलं तर तीन पाळ्या आणि सुटीसाठी बदली माणूस. दिवसाला चार गाड्या, फाटकामागे जवळपास चार पगार. भुयारी मार्ग करा, पण पाण्याचा ढाळ आणि पंप आधी. नाही तर जुलैत गावकरी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फाटक परत मागतात, आणि त्यांचं चुकत नाही.

दुसरं, वन ट्रेन ओन्ली पद्धत, म्हणजे लाइनवर एका वेळी एकच गाडी. टोकन (लाइनवर जायचा परवाना म्हणून हातात द्यायची वस्तू) एकच, ते ज्या ड्रायव्हरकडे, तोच लाइनवर. मधल्या स्टेशनांवर सिग्नल, पॉइंट्स (रूळ बदलायचे सांधे), मास्तरांच्या पाळ्या लागत नाहीत, हॉल्टवर एजंट तिकिटं विकतो. डेमू (दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेली डिझेल गाडी) लावली तर टोकाला इंजिन फिरवायची कटकटही नाही. खोट एकच: गाडी मध्येच बंद पडली की टोकन तिच्याकडेच अडकतं आणि मदतीचं इंजिन आत सोडायला वेळ जातो. पण रस्ता जवळ असेल तर हे चालून जातं.

मालाच्या आशेवर मात्र लाइन जगवू नका. पूर्ण मालगाडीला उभं राहायला सुमारे ७०० मीटरची लूप (बाजूची लाइन) लागते आणि भरलेल्या वाघिणीसाठी २२.९ टन ॲक्सल लोड (एका आसावरचं वजन) पेलणारा ट्रॅक. कोळसा, सिमेंट असं रोजचं गिऱ्हाईक नसेल तर हा खर्च निघत नाही.

हे सगळं करूनही गाडी रिकामी धावत असेल, माल नसेल आणि शेजारच्या रस्त्यावर एसटी लवकर पोचत असेल, तर गाडी बंद करा. माझं मत स्पष्ट आहे. फक्त एसटीच्या फेऱ्या आधी लेखी ठरवा.

जमीन मात्र विकू नका. एडिनबर्गच्या दक्षिणेची वेव्हर्ली लाइन १९६९मध्ये बंद झाली. २०१५मध्ये तिचा एक तुकडा परत सुरू करताना नव्याने बांधकाम करावं लागलं. आपल्या विदर्भातल्या शकुंतला या जुन्या नॅरोगेज गाडीची मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची पट्टी ब्रॉडगेजच्या वळणांना सगळीकडे पुरणार नाही, तरी नव्याने संपादन करण्यापेक्षा ती हाताशी असणं केव्हाही स्वस्त. बंद लाइनवर दोन कामं दरवर्षी हवीतच: हद्दीचे दगड मोजणं, म्हणजे अतिक्रमण लहान असतानाच कळतं, आणि मे संपायच्या आत मोऱ्या (रुळाखालून पाणी जाणारे छोटे पूल) साफ करणं. मोरी तुंबली की भराव एका पावसात वाहून जातो.