धुऱ्यापर्यंत

प्रिय लेकी,

परवा तुझ्या आईशी फोनवर बोलत होते तेव्हा मागून तुझा आवाज आला, "मावशीला विचार ना, मी पहिल्यासारखी कधी होईन?" आईनं ते मला विचारलं नाही. तिचा गळा भरून आला आणि तिनं फोन ठेवला. पण मी ऐकलं होतं. दोन रात्री झाल्या, तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

तुला निघाला तोच ल्युपस मला निघाला २००१ साली, कापूस वेचणी ऐन भरात असताना. मी २८ वर्षांची होते, अंगणवाडीत लागून तीन वर्षं झाली होती. आधी बोटांचे सांधे धरले, मग रोज संध्याकाळी कणकण, मग दोन्ही गालांवर लाल चट्टा. कुणी म्हणे ऊन लागलं, कुणी म्हणे वात. निदान व्हायला आठ महिने गेले. तुझं दोन महिन्यांत झालं, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण हा आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला तरी आधी काही दुखत नाही.

सेवाग्रामच्या ओपीडीत एका डॉक्टरीणबाईंनी मला नीट बसवून सगळं सांगितलं होतं. (देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली आपल्याच जिल्ह्यात सुरू झालं, म्हणून वर्ध्याची गाडी धरून मी तिथवर पोचू शकले. हे उपकार मी विसरत नाही.) त्यांचं बोलणं मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं: जागलीला गेलेला माणूस अंधारात आपल्याच बैलाला रानडुक्कर समजून त्याच्यावर भाला टाकतो, तसं आपल्या अंगातली राखण आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर उठते. राखण कमजोर नाही. तिची ओळख चुकते आहे.

हे नीट लक्षात ठेव, कारण आता घरी येणारा प्रत्येक जण तुला "प्रतिकारशक्ती वाढव" असं सांगणार आहे. कुणी गुळवेलीचा काढा आणेल, कुणी डब्यातली पूड. प्रेमानंच आणतील. घेऊ नकोस. गुळवेल तर राखणीला आणखी चेतवते; कोविडच्या काळात तिचे काढे पिणाऱ्या काही लोकांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आणलेल्याला चहा पाज, पुडी ठेवून घे आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नकोस.

मी टाकली होती. दुसऱ्या वर्षी मला बरं वाटायला लागलं, सांधे मोकळे झाले, आणि एका माणसानं सांगितलं की या गोळ्या किडनी खातात, माझ्या पुडीनं आजार मुळापासून जाईल. मी सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. अडीच महिन्यांनी पाय सुजले, लघवीला साबणासारखा फेस यायला लागला. किडनी गोळ्यांनी नाही, आजारानं खाल्ली होती. मग सहा महिने, दर महिन्याला एकदा, सलाईनमधून औषध घ्यावं लागलं. ते सहा महिने माझ्या घरानं कसे काढले ते मी कधी कुणाला पूर्ण सांगितलं नाही. तुला एवढंच सांगते, की बरं वाटतं त्या दिवशीची गोळी सगळ्यात महत्त्वाची असते. बरं वाटतंय ते तिच्यामुळेच.

त्यात प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, एकदम सोडायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. ती बरेच दिवस घेतली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. गोळी अचानक बंद झाली तर बीपी उतरून माणूस कोसळू शकतो. डॉक्टर पायरीपायरीनं कमी करतील. सकाळी खाऊन घे, म्हणजे रात्री झोप लागेल. दुसरी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. "मलेरियाची गोळी तुला कशाला?" असं मेडिकलवालाही विचारतो. विचारू दे. तिचा गुण दिसायला दोन-तीन महिने जातात, पण पुढच्या अनेक वर्षांचा आधार तीच आहे. तिच्यासाठी पहिल्या वर्षात एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घे, पुढे डॉक्टर सांगतील तसं. आणि महिनाभराच्या गोळ्या नेहमी घरात जास्तीच्या ठेव. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी सगळं जग या गोळीच्या मागे लागलं, सरकारला निर्यात थांबवावी लागली, आणि माझ्या मुलानं वर्ध्यातली दुकानं पालथी घालून दोन पत्ते आणले होते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

अंगणवाडीत आम्ही लेकरांच्या दंडाला पट्टी लावतो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरलं की लेकरू अति तीव्र कुपोषित. असं लेकरू दिसलं की आजीला वाटतं, याला आजच पोटभर दूध-भात खाऊ घालावा. पण ते करायचं नसतं. त्याचं शरीर एकदम आलेलं अन्न झेलू शकत नाही, जीवावर बेतू शकतं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, मोजून द्यावं लागतं. वजन आधी दिवसाला काही ग्रॅमनं वाढतं आणि घरच्यांना काहीच दिसत नाही. वहीत मात्र दिसतं. दुसऱ्यांच्या लेकरांच्या बाबतीत हे मी वर्षानुवर्षं केलं आणि स्वतःच्या बाबतीत विसरले. जरा बरं वाटलं की एका दिवसात अंगण सारवायचं, धुणं उरकायचं, वावरात जाऊन यायचं आणि मग चार दिवस खाटेवर. पुन्हा बरं, पुन्हा सगळं एकदम. असं वर्षभर चाललं आणि सासूबाईंना वाटायचं, ही कामाच्याच दिवशी आजारी पडते.

मग मी वही केली. पहिल्या दिवशी ओसरीपासून विहिरीपर्यंत चाळीस पावलं. आठवडाभर तेवढीच, जास्त जमत असली तरी. दुसऱ्या आठवड्यात साठ. मग मारुतीच्या देवळापर्यंत. आमच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, घरापासून सहाशे पावलांवर आहे. तिथवर पोचायला मला चार महिने लागले. पोचले तेव्हा तूर फुलली होती. मी धुऱ्यावर बसून रडले आणि मग घरी चालत आले, कारण परत यायची ताकद मी शिल्लक ठेवली होती.

तेवढी एक गोष्ट शिक: दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. भांडी अर्धी झाली की उठायचं. आपल्याकडे अर्धं काम टाकून उठणाऱ्या बाईला नावं ठेवतात, म्हणून हे गोळ्यांपेक्षा अवघड जाईल. वहीत सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने कर. काय केलं आणि नंतर कसं वाटलं, एका ओळीत. महिन्याभरात तुझं तुलाच कळेल की कोणतं काम किती खातं. मला पाणी भरण्यापेक्षा लग्नातली गर्दी जास्त थकवायची, हे वहीनं सांगितलं. आणि वाईट दिवस आला तर पावलं कमी कर, पण शून्य करू नकोस.

प्रेडनिसोलोननं मांड्यांची आणि खांद्यांची ताकदही जाते. जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, ते आळसानं नाही. आपलं सगळं घर जमिनीवर: भाकर थापणं, भाजी चिरणं, जेवणं. वर्षभर तरी गॅस ओट्यावर घ्या आणि तुला एक खुर्ची ठेवा. त्याच खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायचं आणि बसायचं, सकाळ-संध्याकाळ. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी, शिवाय दूध, तीळ. चेहरा गोल होईल. बाया म्हणतील, "तब्येत सुधारली बाप्पा पोरीची!" तेव्हा मला आरसा फोडावासा वाटायचा. गोळी कमी झाली की चेहरा परत येतो. माझा आला.

ऊन मात्र आपल्या इथलं मोठं वैरी आहे. ल्युपसमध्ये उन्हानं फक्त कातडी भाजत नाही, आतला आजारही उसळतो, आणि ढगाळ दिवशीही हीच गत. दहा ते चार बाहेर जायचं नाही. जावंच लागलं तर कापूस वेचायला जाणाऱ्या बाया घालतात तसा नवऱ्याचा-भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावरून चेहऱ्याभोवती घट्ट दुपट्टा, वर छत्री. आपल्या बायांनी हा पोशाख कधीच शोधून ठेवलाय, तुला त्याची लाज वाटायचं कारण नाही. उघड्या राहिलेल्या चेहऱ्याला सनस्क्रीन.

ताप आला तर घरी अंदाज बांधत बसू नकोस. आपली औषधं राखणीला झोपवतात, जंतू सहज शिरतात. ताप, फेसाळ लघवी, पायांना सूज, दम लागणं, दोन आठवड्यांवरचा खोकला, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून मनानं पेनकिलर आणू नकोस, मूत्रपिंडाला जड जातं. लघवीची आणि रक्ताची तपासणी ठरल्या तारखेला, बरं असलं तरी. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेवढ्या कारणावरून तारीख चुकवू नकोस.

तुझी आई लग्नाच्या काळजीनं वाळते आहे, ते मला दिसतं. हा आजार कुणाच्या ताटातून, अंथरुणातून लागत नाही, हे तिला माझ्या नावानं सांग. लपवून लग्न करू नकोस. गोळ्या लपवाव्या लागल्या की त्या चुकतात. मूल होऊ शकतं. आजार निदान सहा महिने शांत हवा आणि ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं, कारण काही औषधं आधीच बदलावी लागतात. मला मुलगा झाला तेव्हा मी ३३ वर्षांची होते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन नऊ महिने चालूच होती.

पहिल्यासारखी म्हणजे, आजार नव्हता तशी, मी झाले नाही. आजही दोन गोळ्या घेते. पण अंगणवाडी मीच उघडते, पोळ्याला पुरण मीच घालते, आणि वेचणीच्या दिवसांत सकाळी आठपर्यंत दोन ओळी वेचून घरी येते. तुझं वय लहान, निदान लवकर झालेलं. तू माझ्यापुढे जाशील, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवारी अंगणवाडी सुटली की मी तुमच्याकडे येते. येताना वही आणीन, दोनशे पानी, रेघांची. ऊन उतरलं की तुझ्या ओसरीपासून मोजायला सुरुवात करू. चपला घालून ठेव, जुन्या नको, मागून पट्टा असलेल्या.

तुझी,
अंगणवाडीवाली मावशी